अनियमित पाळी आणि लांबलेली गर्भधारणा : वेळीच तपासणी, दोघांचीही तपासणी

(चेन्नई व परिसरातील मराठी भाषक कुटुंबांसाठी आरोग्य माहिती)

विवाहानंतर काही काळ गर्भधारणा झाली नाही की घरात प्रथम सुनेकडे पाहिले जाते. तिची पाळी अनियमित असेल तर दोष तिचाच, असे गृहीत धरले जाते. नवस, गंडेदोरे व ऐकीव औषधे यांत दोन-तीन वर्षे निघून जातात. वस्तुतः अनियमित पाळी हे शरीराने दिलेले लक्षण आहे. त्याचे कारण बहुधा शोधता येते आणि बऱ्याच कारणांवर उपचार आहेत. वाढत्या वयाबरोबर मात्र गर्भधारणेची शक्यता घटत जाते. म्हणून वाया गेलेला काळ हेच येथे सर्वांत मोठे नुकसान होय.

पाळीचे चक्र कसे मोजावे?

रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. त्या दिवसापासून पुढील पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ म्हणजे एक चक्र. प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्र सर्वसाधारण मानले जाते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षे अनियमितता असू शकते.

उदाहरणार्थ, एखाद्या स्त्रीची पाळी ३ मार्च, १० एप्रिल, २८ मे व १ जुलै या दिवशी सुरू झाली. तिची चक्रे अनुक्रमे ३८, ४८ व ३४ दिवसांची झाली. स्त्रीबीज साधारणपणे पुढील पाळीच्या १४ दिवस आधी बीजकोशातून बाहेर पडते. त्यामुळे तिच्या बाबतीत तो दिवस कधी चक्राचा चोविसावा, कधी चौतिसावा, तर कधी विसावा असेल. काही चक्रांत स्त्रीबीज बाहेर पडणारही नाही. बाहेर पडलेले स्त्रीबीज सुमारे एकच दिवस टिकते, तर शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. २८ दिवसांच्या चक्रात वर्षाला सुमारे १३ संधी मिळतात. या स्त्रीला नऊच मिळतील. अशा वेळी दिवस मोजत बसण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे अधिक उपयुक्त ठरते.

पाळी अनियमित का होते?

• पीसीओएस : बीजकोशातील संप्रेरकांच्या असंतुलनामुळे स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. चेहऱ्यावर राठ केस, मुरुमे व वाढते वजन ही सोबतची लक्षणे असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो व त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते.
• थायरॉइडचे विकार किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ.
• अतिस्थूलता, अतिकृशता, अतिव्यायाम किंवा दीर्घकाळचा मानसिक ताण.
• बीजकोशांचे कार्य अकाली मंदावणे.
• जननेंद्रियांचा क्षयरोग : यात पाळी अगदी कमी जाऊ शकते किंवा बंद होऊ शकते. क्षयरोगाचे उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पाळी नियमित असून एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी. पत्नीचे वय ३५ वा अधिक असल्यास सहा महिन्यांनंतरच जावे. पाळी अनियमित असल्यास मात्र वर्षभर थांबू नये. पाळी चुकल्यास प्रथम गर्भधारणा चाचणी करावी. तीन महिने पाळी आली नाही, किंवा तासातासाला पॅड बदलावा लागेल इतका रक्तस्राव झाला, तर गर्भधारणेची इच्छा असो वा नसो, डॉक्टरांना दाखवावे. दीर्घकाळ पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन पुढे गंभीर विकार उद्भवू शकतो.

पतीची तपासणी पहिल्याच भेटीत

मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषातील कारणाचा एकट्याने किंवा अंशतः वाटा असतो. पत्नीची पाळी अनियमित असली, तरी पतीत दोष नाही असे सिद्ध होत नाही. वीर्यतपासणी सोपी व वेदनारहित आहे. त्यापूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावा लागतो. पतीची तपासणी होण्याआधी पत्नीवर महिनोन्‌महिने औषधोपचार करणे योग्य नव्हे. पत्नीसाठी सामान्यतः रक्तातील थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर व हिमोग्लोबिन यांची तपासणी आणि सोनोग्राफी सांगितली जाते.

उपचार व दैनंदिन काळजी

पीसीओएससोबत वजन अधिक असल्यास ते ५ ते १० टक्क्यांनी घटल्यानेही पाळी सुधारू शकते. ७० किलो वजनाच्या स्त्रीसाठी हे साडेतीन ते सात किलो होते. पांढऱ्या भाताचे प्रमाण कमी करून नाचणी, डाळी व भाज्या वाढवाव्यात; साखरेची कॉफी मोजकी घ्यावी; रोज किमान अर्धा तास वेगाने चालावे. पतीने तंबाखू व मद्य सोडावे. गर्भधारणेच्या प्रयत्नापूर्वीपासूनच पत्नीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावे. स्त्रीबीज तयार होण्याच्या गोळ्या केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. शेजारणीची चिठ्ठी आपल्याला लागू पडत नाही.

टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार सर्वांना लागत नाही. तो सुचविला गेल्यास केंद्राचे २०२१ च्या कायद्याखालील नोंदणी प्रमाणपत्र पाहावे आणि खर्च, यशाची शक्यता व धोके लेखी समजून घ्यावेत.

चेन्नईत कोठे जावे?

प्रथम जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पुढील तपासणीसाठी एग्मोर येथील शासकीय प्रसूती व स्त्रीरोग संस्था, तसेच ट्रिप्लिकेन येथील शासकीय कस्तुरबा गांधी रुग्णालय उपलब्ध आहे. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ हा क्रमांक आहे. तमिळ बोलता येत नसल्यास संकोच करू नये. मागील सहा महिन्यांतील पाळीच्या तारखा, चालू औषधे व जुने अहवाल एका वहीत नीट लावून न्यावेत. तारखा कोणत्याही डॉक्टरांना वाचता येतात.

कुटुंबीयांस विनंती

मूल न होणे हा कोणाचा अपराध नाही. सुनेला टोमणे मारल्याने निदान होत नाही; तिच्या मनावरचा ताण मात्र वाढतो. पती-पत्नींनी रुग्णालयात एकत्र जावे आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना तसे जाऊ द्यावे.