रिपोर्टातला आकडा आणि आदल्या दिवशीची सुई

भामरागड तालुक्यात ताप म्हटला की आधी मलेरिया, आणि ते बरोबरच आहे. आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेतात, पट्टीवर टाकतात, थोड्या वेळात कळतं. माझी पट्टी निगेटिव्ह आली. मी इथल्या एका आश्रमशाळेत शिकवतो. दिवस पावसाळ्याचे, पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की हेमलकसा-आलापल्लीकडचा रस्ता बंद. मग बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका खासगी माणसाकडून कमरेत सुई टोचून घेतली. इकडे तापाला सुईच लागते, गोळीवर कुणाचा विश्वास नाही. ताप रात्रीतून उतरला. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आलापल्लीला जाऊन सीबीसी केली.

पांढऱ्या पेशी १७,४००. शेजारी ठळक अक्षरात बाण. मोठ्या माणसात या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात, एवढं मला ठाऊक होतं. बाकी काम आमच्या स्टाफरूमनं केलं. २०२२च्या जूनमध्ये डॉ. प्रकाश आमटे यांना, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या भाऊंना, हेअरी सेल ल्युकेमिया हा दुर्मीळ रक्ताचा कर्करोग असल्याचं पुण्यात निदान झालं होतं. १९७३पासून हेमलकशात लोकांचे ताप उतरवणाऱ्या माणसालाच असं व्हावं, याचा धसका सगळ्या तालुक्यानं घेतला होता. "भाऊलेबी रक्ताचंच निघालं होतं ना, सर," असं सहकारी सहज बोलून गेला आणि माझी झोप उडाली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहण्याआधी विचारलं, "सर, रक्त देण्याआधी सुई कसली घेतली?" नाव मला माहीत नव्हतं. अशा सुईत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, त्या म्हणाल्या. आपल्या बऱ्याच पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात. स्टिरॉइड पोटात किंवा अंगात गेलं की त्या काही तासांत सुटून प्रवाहात येतात. आकडा फुगतो, जंतुसंसर्ग असो वा नसो. वर ताप दबतो, त्यामुळे मूळ आजार लपतो तो वेगळाच. गरोदरपण, बाळंतपण, जबर श्रम, धूम्रपान यांनीही आकडा वर जातो. म्हणून रक्त देताना आधी काय घेतलं ते सांगावं, आणि सुई घेतलीच तर बाटलीचं नाव कागदावर लिहून मागावं. देणारा लिहून देत नसेल तर ती घेऊच नये, असं माझं मत.

भाऊंच्या आजाराबद्दलही त्यांनी माझा गैरसमज काढला. हेअरी सेल प्रकारात पांढऱ्या पेशी सहसा वाढत नाहीत, उलट कमी होतात, आणि पाणथरी वाढते. वाढ म्हणजे कर्करोग आणि कमी म्हणजे नुसता अशक्तपणा, हे आपलं गणितच चुकीचं. उपचारांनंतर भाऊ हेमलकशाला परतले, हे सगळ्यांना माहीत आहेच.

काही दिवसांनी पुन्हा तपासणी केली. एकूण पेशी ९,२००, म्हणजे अगदी नॉर्मल. मी सुटकेचा श्वास टाकला, पण मॅडमचं बोट खालच्या ओळीवर. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी १५ टक्के. आधीच्या रिपोर्टात त्या जवळपास शून्य होत्या, कारण स्टिरॉइड त्यांना खाली दाबतं. टक्केवारीवर न थांबता एकूण आकड्याशी गुणायचं: ९,२००चे १५ टक्के म्हणजे १,३८०. हा आकडा ५००च्या आत हवा. तो वाढला की जंत, हत्तीरोगाचे कृमी, दमा, ॲलर्जी, एखादं औषध, असं काहीतरी शोधावं लागतं. माझ्या शौचाच्या तपासणीत हुकवर्म निघाले. अनवाणी बांधीत फिरणाऱ्याला ते होणारच. जंतनाशक दिनाला पोरांच्या हातावर अल्बेंडॅझोल ठेवणारा मी, माझ्याच पोटात हे!

तापात कमी झालेल्या पेशींकडे मात्र आपण दुर्लक्ष करतो. डेंग्यूत त्या घसरतात, टायफॉइडमध्ये बहुधा वाढत नाहीत, मलेरियातही नॉर्मल किंवा कमीच असतात. म्हणून "पेशी नॉर्मल आहेत, काही नाही" हे वाक्य तापाच्या माणसाला सांगू नये. पेशी कमी आहेत असं कुणी म्हटलं तर पांढऱ्या की प्लेटलेट, हेही विचारून घ्यावं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा प्रत्यक्ष आकडा १,५००च्या खाली गेला तर डॉक्टरांना दाखवावं. ५००च्या खाली आणि ताप असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठा दवाखाना. थायरॉइडसाठी कार्बिमॅझोल घेणाऱ्यांना घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून लगेच सीबीसी करावी लागते. केमोथेरपी चालू असलेल्यांना तर हे सांगितलेलंच असतं.

रक्तस्मिअरच्या शेऱ्यात 'ब्लास्ट' हा शब्द असेल, आकडा लाखाच्या घरात असेल, किंवा वजन घटतंय, हिरड्यांतून रक्त येतंय, गाठी आल्यात, डाव्या बरगडीखाली जड वाटतंय, तर रक्तविकार तज्ज्ञ गाठावा लागतो. इथून म्हणजे नागपूर. पाणथरी वाढली तर "जुना मलेरिया" म्हणून सोडून देण्याची इथली सवय धोक्याची आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातही पाणथरीच वाढते, आणि तो साध्या सीबीसीत सापडतो. रोजच्या गोळ्यांवर त्याचे रुग्ण वर्षानुवर्षं कामधंदा करतात.

आमच्या शाळेत सिकलसेलची एक मुलगी आहे. तिच्या पांढऱ्या पेशी बरी असतानाही ११,०००च्या वरच असतात. सिकलसेलमध्ये हे नेहमीचं. नवा डॉक्टर आला की दचकून अँटिबायोटिक लिहितो. म्हणून तिच्या बऱ्या दिवसांतला रिपोर्ट आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत तिच्या सिकलसेल कार्डासोबतच ठेवतो, म्हणजे तुलना कशाशी करायची ते समोर असतं. पण तिला ताप आला तर आम्ही आकड्याची वाट पाहत नाही. अशा मुलांची पाणथरी हळूहळू निकामी होते आणि साधा संसर्गही काही तासांत अंगभर पसरतो. पावसाळ्यात तिचा ताप शंभरच्या वर गेला की अधीक्षक आधी गाडी सांगतात, मग घरी निरोप धाडतात.