‘येथे क्लिक करा’ कुठे नेते?

गेल्या हिवाळी सुट्टीच्या आधीची गोष्ट. सातारा जिल्ह्यातून एका कॅडेटच्या आईंचा फोन आला. “सर, मुलांना कधी सोडणार ते वेळेत कळलं असतं तर तिकीट काढलं असतं. आता वेटिंग दोनशेच्या वर गेलंय.” मी जरा तोऱ्यातच सांगितलं, “ताई, तारीख तीन आठवड्यांपूर्वीच आपल्या संकेतस्थळावर टाकली आहे.” त्या शांतपणे म्हणाल्या, “शोधलं हो सर, सापडलं नाही.”

फोन ठेवला आणि मी स्वतः मोबाइलवर शोधून पाहिलं. समोर आलं : सूचना. त्याखाली सूचना. त्याखाली पुन्हा सूचना. शुल्काची, गणवेशाची, वैद्यकीय तपासणीची, सुट्टीची, अशा सगळ्या पानांना एकच नाव. मुखपृष्ठावर गेलो, तर ‘येथे क्लिक करा’ सहा वेळा. संकेतस्थळ मीच सांभाळतो, तेव्हा बोट दुसऱ्या कोणाकडे दाखवायची सोय नव्हती.

कॅडेट मित्रांनो, मॅप रीडिंगच्या तासाला कोणी “ते तिकडे, त्या झाडाजवळ” म्हणालं तर उस्ताद काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. वर्ग हसतो आणि त्याला पुन्हा ग्रिड रेफरन्स काढावा लागतो. ‘येथे क्लिक करा’ म्हणजे नेमकं ते झाडच.

पानाचं नाव दोन ठिकाणी असतं, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. एक मथळा पानावर मोठ्या अक्षरांत दिसतो. दुसरा पानाच्या कोडमध्ये, ‘हेड’ भागातल्या ‘टायटल’ टॅगमध्ये असतो. तो पानावर दिसत नाही. तो दिसतो ब्राउझरच्या टॅबवर, बुकमार्कमध्ये आणि गूगलच्या निकालातल्या निळ्या ओळीत. माझ्या सूचनेवर मोठ्या अक्षरांत ‘हिवाळी सुट्टी’ व्यवस्थित लिहिलेलं होतं. टायटलमध्ये मात्र साच्यातून आलेलं ‘सूचना’ तसंच राहिलं होतं. शिवाय तारीख स्कॅन केलेल्या कागदावर होती. तो कागद म्हणजे चित्र, त्यामुळे शोधयंत्राला वाचायला फारसं काही उरलंच नव्हतं.

आता त्या पानाचं टायटल असं आहे : ‘हिवाळी सुट्टी : कॅडेट घरी सोडण्याची व परतण्याची तारीख’. शाळेचं नाव त्यानंतर. आधी आम्ही शाळेचं लांबलचक नाव पुढे लावत होतो. मोबाइलवर ओळ अर्ध्यात कापली जाते. मग प्रत्येक पानाचं फक्त शाळेचं नाव दिसायचं आणि कामाचा शब्द तुटून जायचा. हेही खरं की गूगल कधी कधी आपलं टायटल बाजूला ठेवून स्वतःच्या पसंतीचं दाखवतं. पण ‘सूचना’सारखं मोघम नाव दिलं, तर तसं होण्याला आपणच निमित्त देतो.

लिंकच्या शब्दांची कथा अधिक रंजक आहे. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलची रचना सांगणारा शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी एक गोष्ट नोंदवली : लिंकवरचे शब्द ती लिंक ज्या पानावर आहे त्या पानाच्या खात्यात जातातच, पण ती जिथे नेते त्या पानाच्या खात्यातही जमा करायचे. कारण एखाद्या पानाचं वर्णन ते पान स्वतः करतं त्यापेक्षा दुसरे नेमकेपणाने करतात. वर्गातही तसंच नाही का? तुमचं टोपणनाव तुम्ही ठेवत नाही.

याचा परिणाम गमतीचा झाला. जगभरच्या संकेतस्थळांनी ‘अॅडोबी रीडरसाठी येथे क्लिक करा’ असं इंग्रजीत लिहून लिंक दिली. मग इंग्रजीत ‘येथे क्लिक करा’ शोधलं की कित्येक वर्षं अॅडोबीचं पान वर यायचं. २००३ मध्ये काही खोडकरांनी ‘दयनीय अपयश’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत परिचयाची लिंक दिली, आणि तो शोध थेट व्हाइट हाउसला पोचू लागला. त्या पानावर ते शब्द नव्हतेच. २००७ मध्ये गूगलने त्यावर तोडगा काढला.

हे ऐकून आठवीच्या एका कॅडेटने सुचवलं, “सर, मग सगळ्या लिंकांवर ‘सर्वोत्तम सैनिकी शाळा’ लिहू या!” कल्पना धाडसी, पण पालकांना खानावळीच्या शुल्काचं पान हवं असताना ‘सर्वोत्तम’ दाबून काय मिळणार? शिवाय असली भरताड शोधयंत्रंही ओळखतात.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते ‘एनव्हीडीए’ या मोफत प्रोग्रामने. दृष्टिहीन व्यक्तींना तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. इन्सर्ट आणि एफ-७ ही बटणं एकत्र दाबली की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी उघडते. आमच्या मुखपृष्ठाची यादी मी डोळे मिटून ऐकली : येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा... वेबच्या सुलभतेचे २००८ चे आंतरराष्ट्रीय निकष पानाला अर्थपूर्ण नाव आणि लिंकचा हेतू स्पष्ट असणं या दोन्ही गोष्टी अगदी पहिल्या पातळीवर मागतात, ते का, हे तेव्हा कळलं.

मराठी पानासाठी एक वेगळी मेख आहे. आपली जुनी पानं ज्या फॉन्टमध्ये टंकलेली होती, तो युनिकोड नव्हता. डोळ्यांना ‘सुट्टी’ दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. अशा मजकुराचं नाव कितीही चांगलं ठेवा, देवनागरीत शोधणाऱ्याला तो सापडत नाही. आधी युनिकोड, मग बाकी सगळं. पालक ‘सुट्टी’ लिहितात, ‘सुटी’ही लिहितात, म्हणून टायटलमध्ये एक रूप ठेवून मजकुरात दुसरंही सहज येऊ दिलं.

दोन रविवारी अकरावीच्या कॅडेटांनी पानं वाटून घेतली. नियम एकच : नाव द्यायचं आणि ते शेजारच्याला दाखवायचं, पान न उघडता आत काय आहे ते त्याने सांगायचं. तो चुकला तर नाव पुन्हा लिहायचं. ‘वैद्यकीय तपासणी’ हे नाव तीनदा परत आलं, कारण प्रवेशाची तपासणी वेगळी आणि वार्षिक वेगळी.

उन्हाळी सुट्टीची तारीख लागली त्या दिवशी मी सातारच्या त्या ताईंना फोन केला आणि फक्त ‘शोधून बघा’ म्हटलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला : “सापडलं सर. पण परतीची वेळ सकाळची की संध्याकाळची, ते लिहिलेलं नाही.”

तेही आता लिहिलं आहे.