तुझं ताट आधी वाढून घे

चि. सौ. बेबीस,



फोनवर तू म्हणालीस, रात्रीचं जेवण सोडलंय, सोमवार-गुरुवार उपास धरलेत, तरी पोटाचा घेर वाढतोच आहे. बाळ, उपाशी राहू नकोस. या वयात उपासमारीने अंगातली ताकद आधी जाते.

आपल्याकडे बहुतेकींची पाळी 46-47 च्या आसपास जाते. त्या सुमाराला इस्ट्रोजेन कमी होतं आणि पूर्वी मांड्यांवर बसणारी चरबी पोटावर बसू लागते. वयाबरोबर स्नायूही झडत असतात, म्हणून बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्च घटतो. त्यात रात्री घाम फुटून झोपमोड होते, आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी गोडाकडे हात जातो. यात तुझा काही दोष नाही. जेवणाची घडी मात्र बदलायला हवी.

सगळ्यात आधी प्रथिनांकडे बघ. वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत असं आयसीएमआर सांगतं, म्हणजे 60 किलोच्या बाईला सुमारे 50 ग्रॅम. सकाळी पोह्यांची बशी आणि दुपारी पातळ वरण, एवढ्यावर ती भरत नाहीत. सकाळी मुगाची धिरडी किंवा दोन अंडी, दुपारी वाटीभर मटकीची उसळ, रात्री पिठलं किंवा घट्ट वरण आणि दही असं ठेव. भात निम्मा कर, भाजी-कोशिंबीर दुप्पट वाढून घे. पाळी गेल्यावर हाडं झिजतात, म्हणून कॅल्शियम रोज 1200 मिलिग्रॅम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिळतं, तेव्हा आठवड्यातून तीन-चारदा नाचणीची भाकरी थाप.

उपास श्रद्धेने करतेस, तो मोडू नकोस. पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसतं पिष्ट, वर तूप आणि दाण्याचं कूट. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, काकडी आणि ताक घे. चहा चार वेळा, दर कपात दोन चमचे म्हटलं तरी दिवसाला 35-40 ग्रॅम साखर होते. 25 ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी चमचा एकावर आण, मग कप दोनावर.

आता खरं सांगायचं ते. सगळ्यांची जेवणं झाली की तू ओट्याशी उभी राहून झाकपाक करतेस. मुलाने ठेवलेली अर्धी पोळी, कढईच्या कडेचा शिरा, पातेल्यातला दोन घास भात, टाकवत नाही म्हणून सगळं तुझ्या तोंडात जातं. जेवण सोडलेल्या दिवशीही जातं, आणि ते तू जेवणात धरत नाहीस. अन्न वाया घालवू नये हे खरंच, पण ती जबाबदारी घरातल्या एकटीचीच का? कणीक मोजून भिजव. उरलेल्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी कर आणि ती सगळ्यांनी खावी. रात्री आठच्या आत सगळ्यांबरोबर बस, आपलं ताट आधी वाढून घे, बसून निवांत जेव.

रोज अर्धा तास चाल. खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायामही कर, त्याने मांड्यांचे स्नायू टिकतात. थायरॉइड आणि साखर तपासून घे. पाळी थांबून 12 महिने उलटल्यावर एखादा डाग जरी दिसला, तरी लगेच डॉक्टरांना दाखव, लाजून घरात बसू नकोस. वजनकाट्यावर रोज उभी राहू नकोस. महिन्यातून एकदा टेपने पोट मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. तिथवर पोचायला वर्ष लागलं तरी चालेल.

हे पत्र जावईबापूंना आणि मुलांनाही वाचायला दे. रात्रीची झाकपाक आळीपाळीने करायची असं माझं नाव सांगून ठरवून टाक.

तुझी,
मावशी