'कॉज ऑफ' की 'कॉज फॉर'? : नामामागून येणारे अव्यय

आपल्या संघाच्या स्मरणिकेत वैद्यकीय विषयांवरील माहितीपूर्ण लेख नेहमीच वाचावयास मिळतात. यंदा मी थोडी वेगळी वाट धरीत आहे. विषय भाषेचा आहे. परंतु त्याचा संबंध आपल्या केसपेपरशी, संदर्भपत्राशी आणि प्रसंगी रुग्णाच्या औषधाच्या मात्रेशीही आहे. इंग्रजी नामापाठोपाठ 'ऑफ', 'फॉर', 'टू', 'इन', 'ऑन', 'विथ' यांपैकी कोणते अव्यय योजावे, हा तो विषय होय.

इंदुरात आपण घरी मराठी बोलतो, बाजारात हिंदी आणि दवाखान्यात लिहितो मात्र इंग्रजी. एक माता सांगते, 'तीन दिन से बुखार है'. दुसरी म्हणते, 'तीन दिवसांपासून ताप आहे'. दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. कागदावर मात्र उतरते 'फीवर सिन्स थ्री डेज'. आपला 'पासून' आरंभही दाखवितो आणि कालावधीही. इंग्रजीने ही दोन कामे वाटून दिली आहेत. आरंभाचा क्षण सांगावयाचा असेल तर 'सिन्स', कालावधी सांगावयाचा असेल तर 'फॉर'. म्हणून 'फीवर सिन्स मंडे' किंवा 'फीवर फॉर थ्री डेज' असे लिहावे.

अशा चुकांचे मूळ एकच आहे. आपण मराठी प्रत्ययाचे भाषांतर करतो. 'तापावर औषध' म्हणून 'मेडिसिन ऑन फीवर' आणि 'पेनिसिलिनची ॲलर्जी' म्हणून 'ॲलर्जी ऑफ पेनिसिलिन'. वास्तविक येथे 'मेडिसिन फॉर फीवर' आणि 'ॲलर्जी टू पेनिसिलिन' हवे. भाषांतर करावयाचे ते प्रत्ययाचे नव्हे. आधीच्या नामाला इंग्रजीत कोणते अव्यय रुचते, ते पाहावयाचे.

हा नियम आपल्याला परका नाही. मराठीत आपण 'मुलावर प्रेम' करतो, पण 'मुलाची काळजी' घेतो. 'शेजाऱ्याशी मैत्री' असते, पण 'कुत्र्याची भीती' वाटते. 'मुलाशी प्रेम' असे कोणी म्हणाले तर कानाला लगेच खटकते. प्रेम, काळजी, मैत्री, भीती ही नामे आपापला प्रत्यय स्वतःच ठरवितात. इंग्रजी नामांचेही तसेच आहे. फरक इतकाच की, मराठीचा कान आपल्याला आईने दिला आणि इंग्रजीचा आपण घडवावा लागतो.

आता शीर्षकातील प्रश्नाकडे येतो. मराठीत 'तापाचे कारण' आणि 'काळजीचे कारण' या दोहोंत 'चे' हाच प्रत्यय आहे. इंग्रजीत मात्र 'कॉज ऑफ फीवर' म्हणजे ज्याच्यामुळे ताप आला ते, आणि 'कॉज फॉर वरी' म्हणजे काळजी करण्यास रास्त आधार. एखाद्या बालकाच्या तापाचे मूळ पहिल्या दिवशी सापडत नाही, तरी ते खेळत असते, पीत असते, लघवी नीट होत असते. अशा वेळी 'कॉज ऑफ' अज्ञात असतो, पण 'कॉज फॉर' बहुधा नसतो. उलट, एक महिन्याच्या आतील बालकाला ताप आला तर मूळ कळण्याची वाट न पाहता ते काळजीचे कारण मानावे लागते. कारणाचे हे दोन अर्थ वेगळे ठेवणे बालरोगतज्ज्ञाला रोजच करावे लागते. इंग्रजी ते एका अव्ययाने करते. 'रीझन' या नामाला मात्र 'फॉर' हवा : 'रीझन फॉर ॲडमिशन'. तेथे 'ऑफ' चालत नाही.

पाठांतरापेक्षा नामांची कुळे ओळखणे सोपे. अर्थ जवळचा असेल तर अव्ययही बहुधा तेच असते.

पहिले कुळ 'टू'चे. एखाद्या गोष्टीच्या दिशेने शरीराचा कल किंवा प्रतिसाद असेल तेथे 'टू' येतो : 'रिस्पॉन्स टू', 'रिॲक्शन टू', 'एक्स्पोजर टू', 'सेन्सिटिव्हिटी टू', 'रेझिस्टन्स टू'. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. 'अन्य' आणि 'क्रिया' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला. ॲलर्जी ही मुळात बदललेली प्रतिक्रिया होय, हे ध्यानात आले की 'टू' आपोआप सुचतो.

दुसरे कुळ 'फॉर'चे, म्हणजे गरज व उद्देश यांचे : 'नीड फॉर ऑक्सिजन', 'इंडिकेशन फॉर सर्जरी'. गंमत अशी की 'काँट्राइंडिकेशन' ला मात्र 'टू' जोडला जातो.

तिसरे कुळ 'विथ'चे, म्हणजे सहवासाचे : 'काँटॅक्ट विथ अ पेशंट', 'इंटरॲक्शन विथ अनदर ड्रग'. चौथे 'ऑन'चे, म्हणजे प्रभावाचे : 'इफेक्ट ऑन ग्रोथ'. येथे मराठीचा 'वाढीवर परिणाम' आपल्या मदतीला येतो.

काही नामे अर्थानुसार अव्यय बदलतात. 'ट्रीटमेंट ऑफ न्यूमोनिया' मध्ये आजार येतो, 'ट्रीटमेंट विथ ॲमॉक्सिसिलिन' मध्ये साधन. 'इम्युनिटी' हा मूळचा कायद्याचा शब्द. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सार्वजनिक कर्तव्यातून सूट असा. म्हणून खटल्यापासून मिळते ती 'इम्युनिटी फ्रॉम', आणि गोवराविरुद्ध असते ती 'इम्युनिटी टू'.

येथवरच्या बहुतेक चुका सौंदर्याच्या आहेत. 'फीवर सिन्स थ्री डेज' वाचून कोणाही डॉक्टरचा गैरसमज होत नाही आणि त्यावरून कनिष्ठ सहकाऱ्याला हिणविणे योग्य नाही. परंतु एक जोडी अशी आहे की तिच्यात चूक खपवून घेता कामा नये. 'इन्क्रीज' आणि 'रिडक्शन' यांच्यामागे 'ऑफ' आला तर तो फरक दाखवितो. 'टू' आला तर अंतिम आकडा. समजा, एका मुलाला पातळ औषध दर वेळी ७.५ मिलिलिटर दिले जात आहे. 'रिडक्शन ऑफ २.५' म्हणजे आता ५ मिलिलिटर द्यावयाचे. 'रिडक्शन टू २.५' म्हणजे केवळ २.५. एका अक्षरी अव्ययाने मात्रा निम्मी झाली. औषध झटके थांबविणारे असेल तर परिणाम सांगावयास नको. मराठीतही 'अडीचने कमी करा' आणि 'अडीचवर आणा' यांत हाच धोका आहे. घाईत बोललेला 'ने' फोनवर ऐकू येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, मात्रा बदलताना केवळ अव्ययावर विसंबू नये. 'आधी ७.५ मिलिलिटर, आजपासून ५ मिलिलिटर' असे दोन्ही आकडे स्पष्ट लिहावेत आणि पालकांकडून ते एकदा म्हणवून घ्यावेत. पालकांनीही संकोच न करता विचारावे, 'डॉक्टर, इतके कमी करायचे की इतकेच द्यायचे?' हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, शहाणपणाचा आहे.

उरलेल्या अव्ययांसाठी एक साधा उपाय सुचवितो. नवे इंग्रजी नाम वहीत टिपताना ते एकटे टिपू नये. त्याच्या अव्ययासह टिपावे. 'ॲलर्जी' नव्हे, 'ॲलर्जी टू'; 'रीझन' नव्हे, 'रीझन फॉर'. आपल्या घरातील इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांनाही हीच सवय लावावी आणि त्याच वेळी 'मुलावर प्रेम' व 'मुलाची काळजी' यांतील भेदही दाखवावा. एका भाषेचा कान तयार झाला की दुसरीचा घडविणे सोपे जाते.