केबिनमधून उठण्याआधी विचारा

दुखण्या-सुजेवरच्या औषधांचा खर्च कमी करायचा तर डॉक्टरांच्या केबिनमधून उठायच्या आतच विचारून घ्यावं. फरीदाबादला आमच्या सासूबाईंचा गुडघा सुजला, तेव्हा मला हे पटलं. एका खासगी हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाठोपाठ दाढ ठणकायला लागली, तिथल्याच दातांच्या विभागात दाखवलं, त्यांनीही गोळ्या दिल्या. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. घरी पाकिटं उलटून बारीक अक्षरं वाचली, तर दोन्हींत असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल! सासूबाईंना बीपी आहे. दुप्पट डोस पोटाला आणि किडनीला बाधला असता. फोन केल्यावर डॉक्टरांनी एक पाकीट बंद करायला सांगितलं.

उरलेल्या गोळीत सूज उतरायला म्हणून सेराशिओपेप्टिडेज होतं. जपानच्या ताकेदा कंपनीने हे औषध २०११ मध्ये स्वतःहून बाजारातून काढून घेतलं, कारण चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपल्याकडे मात्र ते सर्रास लिहिलं जातं. "हे नसलेली साधी गोळी चालेल का?" एवढंच मी विचारलं. डॉक्टरांनी लगेच बदलून दिली.

इकडे औषधाच्या दुकानात "सॉल्ट क्या है?" असं विचारायची पद्धतच आहे; सॉल्ट म्हणजे गोळीतलं मूळ औषध. तेच सॉल्ट, तेवढ्याच मिलिग्रॅमचं, जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त पडतं. जवळचं केंद्र 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर सापडतं. चिठ्ठी हॉस्पिटलची म्हणून औषधंही तिथूनच घेतली पाहिजेत, असं मुळीच नाही.

पेशंट अ‍ॅडमिट असेल तर जास्तच लक्ष ठेवा. औषधांच्या किमतींवर देखरेख करणाऱ्या एनपीपीएने २०१८ मध्ये दिल्ली-एनसीआरमधल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा औषधं आणि इतर साहित्यावरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. औषधांचा हिशेब रोजच्या रोज मागा. पेशंट तोंडाने खात-पीत असेल, तर पॅरासिटामॉल शिरेतून देण्याऐवजी गोळी चालेल का, हे राउंडच्या वेळी विचारा.

स्टेरॉइड किंवा संधिवाताच्या गोळ्या मात्र स्वस्ताईसाठी परस्पर बंद करू नका, कमीही करू नका. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट तर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. दुकान बदललंत तर मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. अडीचच्या जागी दहाची गोळी हातात येऊ शकते.