शेताचा नकाशा संगणकावर कसा वाचावा?



आपल्या शेताचा नकाशा पाहावयाचा झाल्यास पूर्वी तालुक्याच्या गावी भूमी अभिलेख कचेरीत खेप घालावी लागत असे. आता तोच नकाशा मोबाईलवर किंवा संगणकावर घरबसल्या पाहता येतो. ही सोय मोठी आहे. तथापि नकाशा डोळ्यांपुढे येणे निराळे आणि तो वाचता येणे निराळे. जो नकाशा वाचू शकतो त्याचा पैसा व श्रम वाचतात. जो अर्धवट वाचतो तो विहीर भलत्या जागी खोदतो अथवा बांधावरून भाऊबंदांशी वैर ओढवून घेतो. यास्तव या पाठात नकाशा वाचण्याची रीत क्रमाने देत आहोत.

१. गटाचा नकाशा

महाराष्ट्र शासनाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर प्रथम जिल्हा, तालुका व गाव निवडावे. नंतर आपला गट क्रमांक घालावा. गटाची आकृती व शेजारचे गट पडद्यावर दिसू लागतात. त्या वेळी सातबारा उतारा हाताशी ठेवावा आणि पुढील तीन गोष्टी ताडून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, क्षेत्र. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आर म्हणजे १ हेक्टर. आपल्याकडील जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने होत असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १ गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. गुंठा व आर यांत फरक फार थोडा असल्यामुळे ८१ आर म्हणजे सुमारे २ एकर, असा ढोबळ हिशेब करता येतो.

दुसरी गोष्ट, चतुःसीमा. पूर्व, पश्चिम, दक्षिण व उत्तर या दिशांना कोणते गट आहेत ते लिहून घ्यावे. जमीन खरेदी करणाऱ्याने तर हे टिपण घेऊन प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री केल्यावाचून इसार देऊ नये.

तिसरी गोष्ट, वहिवाट. एका गटात तीन भाऊ आपापला तुकडा कसत असले, तरी वाटणीची रीतसर मोजणी होऊन पोटहिस्से पडले नसतील तर नकाशात गट अखंडच दिसेल. तेव्हा नकाशात आपला तुकडा दिसला नाही म्हणून घाबरू नये. मात्र ते काम पुढे ढकलूही नये.

२. उपग्रहाचे चित्र

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ साली ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर उपग्रहाने टिपलेली चित्रे पाहता येतात. शिवाय जमिनीचा वापर, पडीक जमीन, भूजलाची शक्यता इत्यादी माहितीचे थर त्या चित्रावर चढविता येतात. ओढा कोठून येतो, गावचे पाणी कोणत्या बाजूस वाहते, वरच्या अंगास पडीक जमीन किती आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावयाचे असते. त्याकरिता असे समग्र दर्शन फार उपयोगी पडते.

परंतु येथे प्रमाण ध्यानी घेतले पाहिजे. यांतील पुष्कळ माहिती १:५०,००० या प्रमाणावर तयार केलेली आहे. म्हणजे नकाशावरील १ सेंटीमीटर हा जमिनीवरील ५०० मीटर होय. २ एकरांचे चौरस शेत एका बाजूने सुमारे ९० मीटर भरते. ते अशा नकाशावर २ मिलिमीटरही भरत नाही. पडद्यावर चित्र मोठे केले म्हणून त्यातील माहिती मोठी होत नाही. सबब, अशा नकाशावरून गावाचा अंदाज घ्यावा. विहिरीची जागा ठरवू नये.

३. उतार

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशांवर समपातळी रेषा असतात. लगतच्या दोन रेषांमध्ये सामान्यतः २० मीटर उंचीचा फरक असतो. समजा, त्या रेषांमधील अंतर नकाशावर २ सेंटीमीटर भरले. म्हणजे १,००० मीटर चालल्यावर २० मीटर उतार, अर्थात शेकडा २ उतार झाला. रेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र, दूर गेल्या की जमीन सपाट. नांगरट व पेरणी उताराला आडवी करावयाची, तेव्हा उताराची दिशा आधी समजली पाहिजे.

४. एक चूक

प्रस्तुत लेखकाने एका गावी शेततळ्याची जागा अशाच चित्रावरून सुचविली होती. चित्रात तेथे काळसर पट्टा दिसत होता. त्यावरून तेथे भारी काळी जमीन असावी असा तर्क केला. जागेवर गेल्यावर एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “साहेब, इथं हातभर मातीखाली मांजऱ्या मुरूम आहे. पाणी ठरायचं नाही.” खड्डा घेऊन पाहिले, तो त्यांचेच म्हणणे खरे निघाले. काळसरपणा कशाचा, हे चित्र सांगत नाही. भिजलेली माती, नुकती नांगरट किंवा जाळलेले धसकटही वरून काळे दिसते. त्या दिवशी खड्डा घेतला नसता तर त्या कुटुंबाचा खर्च मुरमात जिरला असता.

५. बांधाचा वाद

मोबाईल हाती धरून बांधावर उभे राहिल्यास तो आपली जागा दाखवितो. परंतु उघड्या आकाशाखालीही त्यात सुमारे ५ मीटरांची चूक संभवते. १०० मीटर लांबीच्या बांधावर ५ मीटरांची चूक म्हणजे ५०० चौरस मीटर, जवळजवळ ५ गुंठे जमीन! एवढ्या चुकीवर विसंबून बांध सरकविणे म्हणजे पिढ्यांचा शेजार मोडणे होय. हद्दीविषयी शंका असल्यास भूमी अभिलेख खात्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीच्या वेळी शेजाऱ्यासह हजर राहावे.

अभ्यास

येत्या आठवड्यात आपल्या गटाचा नकाशा काढून तो कागदावर उतरवा. त्यावर विहीर, ओढा, वाट, झाडे व पाणी साचण्याची जागा स्वतः हिंडून दाखवा. चार ठिकाणी हातभर खड्डे घेऊन मातीचा रंग व खोली लिहा. घरातील वडीलधाऱ्यांस तो दाखवून चुका सुधारून घ्या. असा कागद घेऊन आपण सहाय्यक कृषि अधिकाऱ्यांकडे गेलात, तर त्यांचा सल्ला आपल्या जमिनीला अधिक लागू पडेल. नकाशा दिशा दाखवितो. जमिनीची ओळख मात्र पायांनी व हातांनीच होते.