नऊ आणि नऊ अठरा

अलिबाग-मुरूडकडे हळदीच्या वाद्यवृंदात बेस गिटार दिसली, तर तिची पाठ पाहा. पुष्कळदा तेथील झाकणाआड ९ व्होल्टची बॅटरी असते. तारांचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या प्रीॲम्पला ती वीज पुरवते. (ही बॅटरी म्हणजे तरी काय? १.५ व्होल्टचे सहा घट एकसर जोडलेले!)

काही वादक तेथे दोन बॅटऱ्या बसवतात. एकीचे धन अग्र दुसरीच्या ऋण अग्राला जोडले, की उरलेल्या दोन टोकांत १८ व्होल्ट मिळतात. यामुळे आवाज दुप्पट होतो, हा समज मात्र चुकीचा. ९ व्होल्टवर संकेत साधारण ४.५ व्होल्टच्या मध्यरेषेभोवती वरखाली होतो. तार जोरात छेडली, की तरंगाचे माथे पुरवठ्याच्या मर्यादेला लागून छाटले जातात, आवाज फाटतो. १८ व्होल्टवर मध्यरेषा ९ वर जाते आणि तरंगाला दुप्पट जागा मिळते. वाढते ती एवढीच.

आयुष्यही वाढत नाही, कारण दोन्ही बॅटऱ्यांतून तीच धारा वाहते. ५०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी १ मिलिॲम्पिअर धारेला सुमारे ५०० तास पुरेल, एक असो वा दोन एकसर.

खाऱ्या हवेने अग्रे गंजून १०० ओहम रोध वाढला, तर? १ मिलिॲम्पिअरला फक्त ०.१ व्होल्ट खर्ची पडेल. विजेरीचा दिवा मात्र एवढ्या रोधापुढे पेटणारच नाही.

प्रयोगापूर्वी मंडलातील धारित्रे पाहा. पुरवठ्यावरील धारित्रावर १६ व्होल्ट छापले असेल, तर दुसरी बॅटरी जोडू नका. जुनी-नवी जोडीही नको. जुनी आधी संपते आणि नवी तिच्यातून उलट दाब देत राहते.